ट्रान्सलेट-वाय लावून एलिमेंट वर-खाली कसा सरकवायचा

वेबपेजवरचं कार्ड किंवा बटण CSS ने (पेजचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) जरासं वर घ्यायचं असलं की बरेच जण मार्जिन-टॉपला (वरच्या मोकळ्या जागेला) मायनस व्हॅल्यू देऊन मोकळे होतात आणि मग त्याच्याखालचं सगळंच वर चढून येतं. नुसतं दिसायला हलवायचं असेल तर ट्रान्सफॉर्म ही प्रॉपर्टी वापरा, तिच्यात ट्रान्सलेट-वाय लिहायचं. ट्रान्सलेट-वायला 20 पिक्सेल दिले की एलिमेंट (पेजवरचा तो घटक) खाली जातो, मायनस 20 दिले की वर. हो, प्लस म्हणजे खाली, शाळेतल्या ग्राफच्या बरोब्बर उलटं.

यात एलिमेंटची मूळ जागा राखीवच राहते, आजूबाजूचे कुणी हलत नाहीत, म्हणून जास्त सरकवलं तर तो सरळ दुसऱ्यावर जाऊन बसतो. साध्या स्पॅनला (मजकुराचा तुकडा गुंडाळणाऱ्या टॅगला) लावून काहीच होत नसेल तर तो इनलाइन, म्हणजे ओळीतल्या शब्दांसारखा वाहणारा, आहे, डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक करा.

टक्क्यांत दिलं तर ते एलिमेंटच्या स्वतःच्या उंचीचे धरतात, पॅरेंटच्या (बाहेरच्या एलिमेंटच्या) नाही. 80 पिक्सेल उंच बॉक्सला 50 टक्के म्हणजे 40 पिक्सेल. पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट, टॉप 50 टक्के आणि ट्रान्सलेट-वाय मायनस 50 टक्के ही जुनी सेंटर करायची युक्ती यावरच चालते, टॉप पॅरेंटची उंची बघतो आणि ट्रान्सलेट स्वतःची. आता फ्लेक्सने (डिस्प्ले फ्लेक्स या मांडणीने) हेच सोपं होतं, तेच करा.

खरी गंमत होव्हरला, म्हणजे एलिमेंटवर माऊस नेल्यावर, येते. ट्रान्झिशन (बदल हळूहळू घडवणारी प्रॉपर्टी) मूळ क्लासवर लिहा, होव्हरच्या नियमात नको, नाहीतर वर जाताना मस्त सरकतं आणि परत येताना धप्पकन पडतं. आणि माऊस कार्डाच्या खालच्या कडेवर असेल तर कार्ड वर गेलं की माऊस बाहेर, होव्हर सुटला, कार्ड खाली आलं, परत होव्हर लागला, असं ते थरथरत बसतं. यावर उपाय म्हणजे बाहेर एक डिव्ह, म्हणजे साधा डबा, घ्या, होव्हर त्याच्यावर लावा आणि हलवा आतल्या कार्डाला, बाहेरचा डिव्ह जागचा हलत नाही म्हणून थरथर बंद.

एलिमेंटला आधी रोटेट (फिरवणं) किंवा स्केल (लहान-मोठं करणं) असेल तर होव्हरमध्ये नुसतं ट्रान्सलेट-वाय लिहून ते उडून जातं, कारण ट्रान्सफॉर्मची पूर्ण व्हॅल्यूच बदलते, तेव्हा सगळं एकाच ओळीत लिहा. क्रमही बघा, रोटेट आधी लिहिलं तर एलिमेंट सरळ वर न जाता तिरका सरकतो. नाहीतर ट्रान्सलेट नावाची वेगळी प्रॉपर्टी आहे, 2022 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालते, तिला 0 आणि मायनस 8 पिक्सेल दिले की रोटेटला धक्का न लागता काम होतं.