रात्रीची गोळी आणि घरातली बाकीची औषधं

गेली 11 वर्षं मी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घेते. हल्ली आमच्यातल्या बहुतेकांना टीएलडी असते. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्रॅविर, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. सेंटरवर कुणी नवीन बाई भेटली की मी आधी विचारते, "ताई, पित्तावर काय घेता?"

कारण तिथेच मी चुकले होते. रात्री साडेनऊला गोळी, आणि जळजळतं म्हणून लगेच वरून दोन झाकणं गुलाबी पातळ औषध. गोळी एक दिवस चुकवली नाही, तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वाढलेला. समुपदेशक ताईंनी बाटली आणायला लावली आणि लेबलवर बोट ठेवलं: अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम. हे पोटात डोलुटेग्रॅविरला चिकटून बसतात, मग ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून टीएलडी आधी आणि पित्ताचं औषध 2 तासांनी. ते आधी घेतलं, तर टीएलडीला 6 तास थांबायचं. मी दुपारी साडेतीननंतर बाटलीला हात लावत नाही. फारच जळजळलं तर रात्री साडेअकराला घेते.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या भरल्या पोटी, जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात. रिकाम्या पोटी घेणार असाल तर तेच 2 आणि 6 तास. गरोदर बायकांनी हे नक्की लक्षात ठेवा. लोहभस्म, शंखभस्मातही लोह आणि कॅल्शियमच असतं, त्यामुळे वैद्यांची पुडीही सेंटरवर दाखवा.

टीबी झाला तर त्यातलं रिफॅम्पिसिन डोलुटेग्रॅविर शरीरातून लवकर संपवतं. म्हणून टीएलडीनंतर 12 तासांनी डोलुटेग्रॅविरची 50 मिलीग्रॅमची एक जादा गोळी देतात. टीबीचा कोर्स संपला तरी ती आणखी 2 आठवडे चालू ठेवायची. फिट्सच्या काही गोळ्याही, जसं कार्बामाझेपिन, असाच परिणाम करतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन असेल तर आधी सांगा, डोलुटेग्रॅविरबरोबर ते दिवसाला 1000 मिलीग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक मनानेच रोज घेऊ नका, टेनोफोविरमुळे किडनीवर आधीच लक्ष ठेवावं लागतं.

पहिली औषधं लागू पडेनाशी झाली की दुसऱ्या टप्प्याची देतात, त्यांत रिटोनाविर असेल तर जास्तच जपा. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड, गुडघ्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यांतलं स्टिरॉइड अंगात साठत जातं. अर्धशिशीची एर्गोटामिनची गोळी तर अजिबात नको, हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

गल्लीतल्या डॉक्टरांना आजार सांगायला जीव धजत नाही, हे मला कळतं. मीही दोन वर्षं लपवलं. शेजारणीपासून लपवा, पण औषध लिहिणाऱ्यापासून नको. तुमच्या संमतीशिवाय ही गोष्ट बाहेर सांगायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

पुढच्या तारखेला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरा आणि औषधं देणाऱ्या ताईंच्या टेबलावर ओता. रांग मोठी असली तरी ओता.