हळदीचा डाग: उन्हात घालण्याआधी तेल काढा

हळदीच्या डागावर लिंबू, टूथपेस्ट, दही, खायचा सोडा असं काय काय चोळायला सांगतात. काही चोळू नका. पांढऱ्या सुती कपड्यावरचा डाग ऊन घालवतं. फक्त त्याआधीचं काम नीट व्हायला हवं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा. त्याच्या रेणूतली दुहेरी बंधांची साखळी निळा-जांभळा प्रकाश शोषते, म्हणून हळद पिवळी दिसते. तोच प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ती साखळी तोडतात आणि व्हॅनिलिनसारखे बिनरंगी तुकडे उरतात.

सांडलेलं वरण आधी चमच्याने खरवडा.

आता तेल. सगळं इथेच बिघडतं. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि फोडणीचं तेल ते धाग्यात खोल नेतं. असा कपडा तसाच उन्हात टाकला की हळद जाते, पण तेलाचंही ऑक्सिडीकरण होतं. तेलाच्या बरणीबाहेर चिकट थर जमतो ना, तसंच ते धाग्याला धरून बसतं. मागे राहते ती मळकट पिवळी छटा. तिने मला पुष्कळ छळलंय, कारण ती हळद नसतेच आणि कितीही ऊन दिलं तरी जात नाही.

म्हणून कपडा भिजवण्याआधी, डाग कोरडा असतानाच त्यावर भांडी घासायचं लिक्विड चोळा, पंधरा मिनिटं थांबा, कोमट पाण्याने धुवा. पुन्हा एकदा करा. मग सावलीत वाळवून डागावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, परत धुवा. इथे आळस करू नका.

कपड्याचा साबण लागला की डाग लाल होतो. लोक इथे घाबरून ब्लीच ओततात. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही गंमत: साबण किंवा चुन्यासारख्या अल्कलीत कुरकुमिन लाल होतं, भरपूर पाण्यात खळबळलं की परत पिवळं. उलट ही खूण उपयोगी आहे. पिवळटपणा साबणाने लालसर झाला तर हळद बाकी आहे. झालाच नाही तर ते बहुधा तेल.

मग कपडा ओलाच, एकेरी, डाग सूर्याकडे करून वाळत घाला. घडीखाली दबलेला भाग तसाच राहतो. कडक उन्हात दिवसभरात बराच फिका पडतो, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. बंद खिडकीच्या काचेआडही जमतं, कारण हा प्रकाश काच अडवत नाही.

रंगीत कपड्याला हे करू नका, त्याचा रंगही असाच मोडतो. रेशीम आणि लोकर तर उन्हात आपणच पिवळी पडतात. पैठणीवर आमटी सांडली असेल तर सरळ ड्रायक्लीनला द्या.