गाण्यातला शब्द कुणाच्या तोंडचा? लोकप्रिय मराठी गाण्यांचा अर्थ असा लावा

हळदीच्या मांडवात 'मी डोलकर' लागलं की सगळे डुलायला लागतात आणि डोलकर म्हणजे डोलणारा, हा अर्थ आपोआप पक्का होतो. तो चुकीचा आहे. डोल हे जाळ्याचं नाव. तोंडाशी रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात आणून सोडतो. मुंबईच्या किनाऱ्यावरचा बोंबील मुख्यतः याच जाळ्यात सापडतो. हे जाळं लावणारा तो डोलकर. मग 'दर्याचा राजा' याचा अर्थही वेगळा लागतो: हा माणूस मासळीच्या मागे धावत नाही, दर्या त्याच्याकडे आणून देतो.

अर्थ लावताना पहिला प्रश्न म्हणून हाच घ्या: गाणं कुणाच्या तोंडचं आहे आणि त्याचा धंदा काय? शब्दकोश त्यानंतर.

त्याआधी मात्र पाठ शुद्ध करून घ्या. गाणं इअरफोन लावून तीनदा ऐका आणि कुठेही न बघता ओळी लिहून काढा. मग छापील किंवा ऑनलाइन दोन पाठांशी ताडून पाहा. व्हिडिओखाली दिलेल्या ओळींवर एकट्यानं विसंबू नका, त्या पुष्कळदा कानावर पडेल तशा टिपलेल्या असतात. पाठ जुळत नसेल तिथे मूळ ध्वनिमुद्रणातला उच्चार धरा.

कोळीगीतात निम्मी अडचण उच्चाराची असते. आगरी-कोळी बोलीत ड चा र होतो, ळ चा ल, ण चा न. 'लारी' म्हणजे लाडी, लाडाची लेक. 'सारी' म्हणजे साडी. 'पीवली' म्हणजे पिवळी. 'केसान' म्हणजे केसांत. 'नारली पुनव' ही नारळी पौर्णिमा. शब्द अडला की हे तीन वर्ण उलटे फिरवून बघा, बहुतेक वेळा ओळखीचा शब्द हाताला लागतो. फक्त एक भान ठेवा. 'मी डोलकर' शान्ता शेळके यांनी लिहिलं आहे. कवयित्रीनं कानानं टिपलेली बोली आणि कोळीवाड्यात आज बोलली जाणारी बोली तंतोतंत एक असेलच असं नाही, म्हणून एका गाण्यावरून बोलीचे नियम बांधू नयेत.

'उधाण' हा शब्दही असाच. शहरी कानाला ते मनाचं उधाण वाटतं. किनाऱ्यावर ते पंचांगातलं असतं: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी, प्रवाहाला जोर, डोल भरते ती तेव्हा. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. कोळीगीतात उधाण आलं की ते कमाईचे दिवस आहेत, आणि घरधनी पाण्यावर आहे, हेही ऐका. विरहाची ओळ तिथूनच येते.

देवाच्या गाण्यांत क्रियापदाकडे बघायचं. 'मल्हारवारी मोतीयानं द्यावी भरून' ऐकताना पंढरीची वारी डोळ्यांपुढे येते. पण ती वारी 'करतात'. ही 'भरून द्यायची' आहे. खंडोबाच्या नावानं दारोदार मागायची भिक्षा, तीही वारीच. वाघ्या-मुरळी वारी मागतात. ओळीतलं क्रियापद नामाशी जुळत नसेल, तर नामाचा दुसरा अर्थ शोधा. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही ऑनलाइन आहेत. पहिल्या अर्थावर थांबू नका. कामाचा अर्थ पुष्कळदा तिसरा-चौथा असतो.

लावणीत नेमकी उलटी चूक होते. प्रत्येक शब्दात चावट अर्थ हुडकला जातो. आधी सरळ अर्थ पूर्ण लावा. विडा म्हणजे आधी विडाच: पान कुठलं, चुना-कात कसा, तो कोण कुणाला देतं. विडा पुढे करणं हे आदरातिथ्य आहे, विडा स्वीकारणं हा होकार. एवढं नीट समजलं की शृंगार आपोआप दिसतो, ओढून आणावा लागत नाही.

मुंबईच्या गाण्यांत ठिकाणं आणि सालं तपासा. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, पहिल्या कडव्यांत गावी राहिलेल्या बायकोची आहे, पोटासाठी मुंबईला आलेल्या नवऱ्यानं म्हटलेली. तेवढंच ऐकून प्रेमगीत म्हणून सोडून दिलं की गाणं हातचं गेलं. पुढे फाउंटन येतं, म्हणजे फ्लोरा फाउंटन, आजचा हुतात्मा चौक. नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या लोकांवर तिथे गोळीबार झाला. मग बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं. आता परत वर जा: मागे राहिलेली मैना म्हणजे राज्याबाहेर राहिलेला मुलूखही आहे. शेवटच्या 'बिनी मारायची अजून राहिली' मधली बिनी ही सैन्याची आघाडीची तुकडी. विरहगीताचा शेवट लष्करी शब्दानं करणं हा मोठ्या शाहिराचा हात आहे, आणि बिनीचा अर्थ न बघता पुढे गेलेल्याला तो कधीच दिसत नाही.

तरीही शब्द अडलाच तर माणसाला विचारा. कोळीवाड्यात सकाळी लिलावाच्या गडबडीत जाऊ नका, दुपारनंतर जाळी दुरुस्त करत बसलेल्यांना गाठा. 'याचा अर्थ असाच ना?' असं विचारलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणतो. 'तुमच्याकडे हे कशाला म्हणतात, दाखवाल का?' असं विचारा. दोन वेगवेगळ्या घरी एकच उत्तर मिळालं तर लिहून ठेवा. वेगळं मिळालं तर दोन्ही लिहा, कोणत्या कोळीवाड्यात कोणतं हेही.