पुण्याच्या चढांसाठी माउंटन बाईकचे गिअर कसे निवडावेत

नवी माउंटन बाईक घ्यायला निघालेले लोक मला फोनवर हमखास विचारतात, ‘ताई, गिअर किती असावेत?’ मी त्यांना विचारते, ‘त्यातला सर्वांत हलका गिअर कितीचा आहे?’ एकवीस गिअरची सायकल वेताळ टेकडीच्या चढावर हातानं ढकलत न्यावी लागते आणि नऊच गिअरची सायकल तोच चढ बसल्या बसल्या पार करते, हे आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नेहमी दिसतं. गिअर निवडायला सुरुवात करायची ती या हलक्या टोकापासून. उतारावर वेग कमी पडला तर फार बिघडत नाही. चढावर गिअर कमी पडला तर गुडघे दुखतात, आणि नवीन माणूस दोन-तीन वेळा असं दुखणं काढलं की सायकल गॅलरीत उभी करून टाकतो. ते मला बघवत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

हिशोब सोपा आहे. पुढच्या चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दात्यांना मागच्या कोगच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या) दात्यांनी भागायचं. पुढे 32 आणि मागे 42 असेल तर 0.76. पुढे 30 आणि मागे 51 असेल तर 0.59. आकडा जितका लहान तितका चढ हलका. 29 इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण 2.3 मीटर धरा. मुरमाड, उभ्या चढावर आपल्यासारख्यांचा वेग ताशी 5 किलोमीटरच्या आसपासच राहतो. त्या वेगाला 0.76 वर पाय मिनिटाला जेमतेम 48 वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर भार. 0.59 वर तेच पाय 61-62 वेळा फिरतात. श्वास थोडा वाढतो, पण गुडघा सुटतो.

स्वतःचा आकडा काढायला तुमच्या नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत वाईट चढ निवडा. मी नव्या लोकांना आधी बोपदेव घाटात नेते, कारण डांबरी रस्त्यावर लक्ष फक्त पायांकडे राहतं. सिंहगडाचा घाटही चालेल, पण शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत तिथे मोजमाप होत नाही. मधल्या वारी पहाटे जा. सर्वांत हलक्या गिअरवर, बसून, उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारनं गुणा. उत्तर 60च्या पुढे असेल तर आहे ते ठेवा. कमी असेल तर आताच्या चेनरिंगच्या दात्यांना तुमच्या आकड्यानं गुणा आणि 60नं भागा. समजा 32ची चेनरिंग आहे आणि फेरे 52 आले, तर उत्तर 27.7, म्हणजे 28ची चेनरिंग घ्या. डांबरावर काठावर जमत असेल, तर टेकडीवर त्याहून दोन दाते कमीच बरे.

आता तुम्ही कशा प्रकारे चालवता ते बघू. माझ्या भाच्याला क्रॉस-कंट्री शर्यतींचा नाद आहे. त्याला पुढे 34 आणि मागे 10-51, म्हणजे सर्वांत लहान कोग 10 दात्यांचा आणि सर्वांत मोठा 51चा, पुरतं. जागतिक पातळीवरचे शर्यतपटू 36-38 वापरतात, पण त्यांच्या पायांची ताकद आणि तुमची-माझी यांची बरोबरी करू नका. शर्यतीत गिअरमधल्या पायऱ्या लहान हव्यात, नाहीतर बदलताना पायांची लय तुटते. कॅसेट, म्हणजे मागच्या कोगांचा संच, घेताना शेवटच्या दोन कोगांमधलं अंतर जरूर बघा. शिमानो कंपनीच्या 10-51 कॅसेटमध्ये 45 वरून 51 ही उडी 13 टक्क्यांची आहे. स्रॅम कंपनीच्या 11-50 मध्ये 42 वरून 50 म्हणजे 19 टक्के, आणि ती पायाला स्पष्ट जाणवते. घाटात एकसंध चढणाऱ्याला त्याचं काही नाही. वरखाली होणाऱ्या वाटेवर मात्र दर वळणाला ती खटकते.

आपल्यापैकी बहुतेकजण ट्रेल रायडर. टेकडी, खाणीची कड, पायवाट, मध्येच डांबर. 29 इंची चाकावर पुढे 30 आणि मागे 10-51 ही जोडी मी डोळे झाकून सुचवते. माझ्या हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर) तीच आहे. 27.5 इंची चाक असेल तर घेर कमी असल्यामुळे 32ची चेनरिंग जवळपास तेच काम करते. वेगाची काळजी करणाऱ्यांसाठी सांगते, 30 आणि 10च्या जोडीवर मिनिटाला 90 फेरे मारले की ताशी 37 किलोमीटर पडतात. टेकडीवर चालायला येणारे आजी-आजोबा आणि त्यांची कुत्री असतात. त्यांच्यासाठी थांबायचंच असतं. त्याहून जास्त वेग तिथे हवाय कशाला?

एक गोष्ट मात्र टेकडीवरच शिकायला मिळते. पावसाळा संपून वाट वाळली की मुरूम सुटा होतो, आणि अशा वाटेवर सर्वांत हलका गिअर लावला तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. तिथे एक-दोन कोग जड ठेवून, शरीराचं वजन थोडं मागे ठेवून सावकाश रेटा लावायचा. हलका गिअर हाताशी असावा, पण तो कायम लावून बसू नये.

एंड्युरोची सायकल जड, 15 किलो किंवा त्याहून अधिक. वर शांतपणे चढायचं आणि उतारावर जोर लावायचा. तिथेही 30 किंवा 32 बरोबर, फक्त चेन निसटू न देणारा चेन गाइड आणि खाली चेनरिंगला दगडापासून वाचवणारा बॅश गार्ड हवेच. आपला कातळ बसाल्टचा, पायऱ्यापायऱ्यांचा. 32 ऐवजी 28ची चेनरिंग लावली की दगडापासूनचं अंतर सुमारे 8 मिलिमीटरनं वाढतं, आणि कित्येकदा चेनरिंगचे दाते वाचायला तेवढं पुरतं. निव्वळ डाउनहिलसाठी, म्हणजे फक्त उतार उतरायच्या प्रकारासाठी, 34-36ची चेनरिंग आणि 10-24सारखी सात कोगांची आखूड कॅसेट असते. सायकली टेम्पोत घालून वर नेणाऱ्यांनीच ती घ्यावी. आपल्याकडे सायकलसकट वर नेणारी लिफ्ट नाही.

पानशेत, वेल्हे, ताम्हिणीच्या बाजूला सामान बांधून जाणाऱ्यांनी थेट 28 घ्यावी. मागे पिशव्या असतील तर घाटात उभं राहून चालवता येत नाही.

खिशाचा विचार केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. 2012 साली स्रॅमनं पुढे एकच चेनरिंग असलेली अकरा गिअरची एक्सएक्स1 प्रणाली आणली, आणि त्यानंतर पुढच्या तीन चेनरिंगा जुनाट ठरवल्या गेल्या. मला ते पटत नाही. पुढे 22-32-42 आणि मागे 11-34 असलेली आठ स्पीडची (मागे आठ कोगांची) जुनी सायकल 22/34, म्हणजे 0.65 देते. 32 आणि 50च्या जोडीचाही जवळपास तोच हिशोब. आमच्या ग्रुपमधले सदाशिव पेठेतले एक काका अशीच सायकल घेऊन सिंहगड चढतात. ती मोडीत काढू नका, केबल बदला. स्वस्त सायकलीत पुढे 24 आणि मागे 14-28चं फ्रीव्हील (मागच्या कोगांचा जुन्या पद्धतीचा संच) असेल तर 0.86 पडतो, तो मात्र जड आहे. 14-34चं फ्रीव्हील लावलं की 0.71 होतो. आधी मागचा डिरेलर (चेन एका कोगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 34 दाते झेलतो का ते विचारा.

एकाच चेनरिंगवर यायचं असेल तर हब, म्हणजे मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो मधला भाग, तपासा. शिमानोच्या 10-51 कॅसेटला मायक्रो स्प्लाइन हब लागतो, म्हणजे चाकाचाही खर्च आला. एचजी प्रकारच्या साध्या हबवर मायक्रोशिफ्ट कंपनीची नऊ स्पीडची 11-42 किंवा शिमानो क्यूजची नऊ स्पीडची 11-46 बसते. 46 बरोबर पुढे 30 लावली की 0.65. मध्यम बजेटला मी हाच मार्ग सांगते. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर आणि चेन त्याच मालिकेतली घ्या.

चेनरिंग मागवण्याआधी क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) बोल्ट बघा. चार बोल्टांच्या, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 104 मिलिमीटर असलेल्या क्रँकवर साधारणपणे 32च्या खाली जाता येत नाही. काही खास बनावटीत 30 मिळते. 28 हवी असेल तर डायरेक्ट माउंट, म्हणजे चेनरिंग थेट बसवून घेणारा, क्रँक लागेल. मोठी चेनरिंग लावायची असेल तर फ्रेममध्ये किती दात्यांपर्यंत जागा आहे ते कंपनीच्या पत्रकात वाचा. 32 वरून 30 वर आलात तर बहुधा चेन तीच चालते. 28 वर आलात तर एक इंच, म्हणजे दोन दुवे काढावे लागतात. मागे सस्पेन्शन असेल तर ते दाबल्यावर काही फ्रेममध्ये चेन ताणली जाते. म्हणून मेकॅनिकला शॉकमधली हवा काढून, सस्पेन्शन पूर्ण दाबून, सर्वांत मोठ्या कोगवर चेनची लांबी तपासायला सांगा आणि ते काम होईपर्यंत दुकानातच थांबा.