पेस्ट वॅक्स डबीत वाळू नये म्हणून

गाडीला लावायच्या पेस्ट वॅक्सची दोनशे ग्रॅमची डबी घरच्या एका गाडीला वर्षानुवर्षं पुरते, कारण थर अगदी पातळ द्यायचा असतो. म्हणूनच बहुतेक डब्या संपण्याआधी वाळतात. वॅक्स आक्रसतं, कडेपासून सुटतं, मधोमध भेगा पडतात. यावर उपाय म्हणजे वॅक्स वेळीच घट्ट झाकणाच्या लहान डबीत भरून ठेवणं.

यामागचं कारण साधं आहे. चांगल्या पेस्ट वॅक्समध्ये बहुधा कार्नोबा मेण असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते जमतं. ते 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं आणि इतकं कडक असतं की नुसतं घासून लावताच येणार नाही. म्हणून त्यात मऊ मेणं, तेलं आणि पेट्रोलियमपासून केलेलं द्रावक मिसळतात. झाकण सैल राहिलं की हे द्रावक उडून जातं आणि मागे घट्ट मेण उरतं. तेव्हा डबी बदलताना सगळं लक्ष द्रावक कोंडून ठेवण्यावर हवं.

आधी भांडं निवडा. आईस्क्रीमचे किंवा मिठाईचे पारदर्शक, कडक, चटकन तडकणारे डबे बहुतेक वेळा पॉलिस्टायरिनचे असतात, थर्मोकोलही त्यातलंच. द्रावकाने ते खराब होतात, त्यामुळे ते नकोच. रुंद तोंडाची काचेची बरणी किंवा फिरकीच्या झाकणाची ॲल्युमिनियमची डबी उत्तम. आकार बेताचा घ्या. वर जितकी मोकळी हवा, तितकं वॅक्स लवकर वाळतं. मोठी अर्धी डबी ठेवण्यापेक्षा दोन लहान डब्या काठोकाठ भरलेल्या बऱ्या. वॅक्स मलईसारखं असेल आणि लेबलवर घटकांत पाणी लिहिलेलं असेल, तर मात्र पत्र्याची डबी टाळा, आतून गंजते. त्याला काचच हवी, आणि ते तापवायचंही नाही.

भांडं साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि गार होऊ द्या. कोकणातल्या पावसाळ्यात नुसतं पुसून भागत नाही, झाकणाच्या आट्यांत पाणी राहतं. तिथे हेअर ड्रायर फिरवा.

आता वॅक्स नव्या भांड्यात भरायचं, आणि ते थंडच भरायचं. अनेकजण ते वितळवून ओततात. मला ते मुळीच पटत नाही. अशा द्रावकांपैकी पुष्कळांची वाफ 40 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंतही पोचते. शिवाय जे द्रावक वाचवायचं, तेच तापवून उडवलं जातं. म्हणून गॅस नको, शेगडी नको, मायक्रोवेव्ह तर अजिबात नको.

गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी बसा. लोणी लावायच्या बोथट सुरीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने वॅक्सचे तुकडे काढा. ही सुरी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. पहिला तुकडा बरणीच्या तळाशी दाबून कोपरे भरा, मग पुढचा. मधे पोकळी राहू देऊ नका. फारच कडक असेल तर बंद डबी हाताला सोसवेल इतक्याच कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, बाहेरून कोरडी पुसा आणि मग उघडा. भरून झाल्यावर पृष्ठभाग सपाट करा, बरणीच्या मापाची ॲल्युमिनियम फॉइलची चकती थेट वॅक्सवर चिकटवून दाबा आणि झाकण घट्ट लावा.

दोनांपैकी एक डबी रोजच्या वापराची आणि दुसरी साठ्याची ठेवा. फोम पॅड कधीतरी जमिनीवर पडतो, त्याला रेतीचा कण चिकटतो. तोच पॅड डबीत घासला की कण वॅक्समध्ये रुततो आणि पुढच्या वेळी रंगावर ओरखडे उठतात. साठ्याच्या डबीत पॅड कधीच घालू नका, स्वच्छ पट्टीनेच वॅक्स काढा.

लेबल आळस न करता लावा. वॅक्सचं नाव, भरल्याची तारीख, ‘ज्वलनशील’ आणि ठळक अक्षरांत ‘खाऊ नये’. बरणीतलं पिवळसर वॅक्स तुपासारखं दिसतं, घरात मुलं असतील तर डबी कुलपातच हवी. मूळ डबीवरच्या सूचनांचा फोटो काढून ठेवा.

ठेवायची जागा थंड आणि अंधारी, कपाटाचा खालचा कप्पा चालेल. गॅस, देवघरातली समई आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांपासून दूर. डिकी नको, पत्र्याखालचा माळाही नको. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात डिकीत वॅक्स मऊ होऊन त्यातलं तेल वर सुटतं. तसं झालंच, तर डबी सपाट जागी ठेवून सावकाश गार होऊ द्या. बहुतेक वेळा ते पुन्हा नीट जमतं.

भेगा पडलेलं वॅक्स लगेच टाकू नका. तुकडे दाबून लहान डबीत भरा आणि गाडीच्या सहज न दिसणाऱ्या भागावर लावून पाहा. नीट पसरलं आणि पुसून निघालं तर खुशाल वापरा. भुगा होत असेल तर थिनर घालून जिवंत करायला जाऊ नका, थिनर गाडीच्या रंगालाच खातं. असं वॅक्स पान्यांवर, करवतीच्या पात्यावर, फावड्यावर चोळा. पावसाळ्यात गंज कमी धरतो. विळीला आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांना मात्र लावायचं नाही.