माउस ‘बॅटरी कमी’ म्हणतो, तेव्हा सेल फेकण्याआधी हे करा

गेल्या पावसाळ्यात माझ्या खणात अकरा ‘संपलेले’ पेन्सिल सेल साठले होते. एका दुपारी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र, लावला, तर त्यातले सात चांगले निघाले. स्क्रीनवर इशारा आला की मी मुकाट्याने सेल बदलत होते. तुमच्या घरीही हेच चाललं असेल, तर आधी थोडं तपासून बघा.

सेलमध्ये किती जीव उरलाय, हे माउस किंवा कीबोर्डला थेट कळत नाही. ते व्होल्टेज बघून टक्के ठरवतात, आणि तो हिशोब बहुधा अल्कलाइन सेल धरून केलेला असतो. नवा अल्कलाइन सेल १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो आणि वापराबरोबर हळूहळू उतरतो. रिचार्जेबल निकेल सेल मात्र जवळजवळ सगळा वेळ १.२ व्होल्टच्या आसपासच असतो. त्यामुळे रात्रभर चार्ज करून घातला तरी तो अर्धा संपल्यासारखा दिसतो. असे सेल असतील तर टक्क्यांकडे बघूच नका. माउस खरोखर अडेपर्यंत वापरा. लिथियम सेलचं उलट: शेवटपर्यंत भरलेले दिसतात आणि मग अचानक संपतात. म्हणून सेलवर काय छापलंय, ते सगळ्यात आधी वाचा.

मग मोजा. साधा मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काही शे रुपयांत मिळतो. प्रत्येक सेल वेगळा मोजा, कारण कीबोर्डच्या दोन सेलमधला कधी कधी एकच उतरलेला असतो आणि दुसऱ्यालाही ओढतो. अल्कलाइन १.३ च्या वर असेल तर बहुधा अजून चालेल, १.१ च्या खाली गेला तर बदला. सेल ताजा काढून लगेच मोजा. रात्रभर पडून राहिलेल्या सेलचा आकडा थोडा वर चढतो. सकाळी इशारा गायब होतो आणि थोड्या वेळात पुन्हा येतो, तो याच कारणाने. बदलताना दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे घाला.

आकडा चांगला आहे, तरी इशारा येतोय? मग कप्प्यातल्या स्प्रिंगा आणि पत्र्या उजेडात धरून बघा. मुंबईची दमट, खारी हवा त्यांच्यावर हिरवट थर चढवते, आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. मऊ खोडरबराने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. ती हाताला लावू नका. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

ब्लूटूथचा माउस असेल तर कधी स्क्रीनवर जुनाच आकडा अडकून राहतो. माउस बंद-चालू करा. तरी तेच, तर जोडणी काढून टाका आणि पुन्हा जोडा.

शेवटची गोष्ट: इशारा नाही, पण कर्सर अडखळतोय. मी यातच सगळ्यात जास्त सेल वाया घालवले. दोष बहुधा सेलचा नसतो. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात गोंगाट करतात आणि त्याच पट्ट्यात माउसचा रिसीव्हर, म्हणजे यूएसबीत खोचलेला छोटा तुकडा, बोलतो. साध्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर डिस्कपासून दूर, माउसजवळ आणा.