घुमटाचं स्टेडियम: आखणी जमिनीपासून वर

आधी घुमट ठरवून मग त्याखाली मैदान बसवू नका. सुरुवात कोर्टपासून करा. जागतिक स्पर्धांच्या व्हॉलीबॉलला कोर्टवर १२.५ मीटर मोकळी उंची लागते, बास्केटबॉलचं ७ मीटरवर भागतं. ही उंची छतापर्यंत धरू नका. दिवे, हवेचे डक्ट, स्कोअरबोर्ड यांतलं जे सर्वांत खाली लोंबतं, तिथपर्यंत मोजा.

मग बैठका. कोर्टच्या जवळच्या कडेपासून मागे प्रत्येक रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यापर्यंत नजरेची रेषा ओढा. ती त्याच्या पुढच्या रांगेच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा निदान ९० मिलिमीटर वरून जायला हवी.

आता घुमट. तो स्वतःच्या वजनानं पायथ्याशी बाहेर पसरू पाहतो. हा रेटा खांबांवर टाकू नका, पायथ्याला पोलादी कडं घाला. कडं ताण घेतं, खांबांकडे फक्त उभा भार येतो. पण पोलाद उन्हात वाढतं: १०० मीटर व्यासाला ३० अंशांच्या फरकात सुमारे ३६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १८. म्हणून कडं खांबांवर सरकत्या बेअरिंगवर बसवा. घट्ट जखडलंत तर खांबांच्या माथ्याला तडे जातील आणि तिथूनच पाणी झिरपू लागेल.

आवाजाचा त्रास बहुतेकांना उद्घाटनानंतरच कळतो. अंतर्गोल छत आवाज एका जागी, त्याच्या गोलाच्या केंद्राजवळ, गोळा करतं. घुमट १०० मीटर रुंद आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत २० मीटर उंच असेल, तर तो ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या ७२.५ मीटर येते. त्याचा माथा जमिनीपासून ३५ मीटरवर असेल, तर गोलाचं केंद्र जमिनीखाली ३७.५ मीटरवर जातं, हे चांगलं. तोच अर्धगोल केलात तर केंद्र कोर्टच्या १५ मीटर वर, ऐन सभागृहात येतं आणि घोषणा घुमत राहतात. त्यामुळे उथळ घुमटच बरा. शिवाय आतून ध्वनिशोषक अस्तर हवंच.

छतातून ऊन थेट आत घेऊ नका. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या घुमटाच्या बेसबॉल स्टेडियममध्ये (१९६५) पारदर्शक छतामुळे खेळाडूंना उंच चेंडू दिसेना. छत रंगवलं, तर आतलं गवत मेलं. तेव्हा दिवे कोर्टच्या दोन्ही लांब बाजूंना लावा, डोक्यावर नको.

हवा बैठकांखालून हळू सोडा. बॅडमिंटनचं फूल जरा झुळुकीनंही भरकटतं. रेषा आखण्याआधी कोर्टभर हलके धागे टांगा, एसी पूर्ण चालू करा. जिथे धागा तिरका झाला, तिथल्या झडपा वळवा आणि पुन्हा बघा.